गारगोटीतलं पिवळं

साकोलीजवळ ताईच्या शेतात विहिरीचं काम चाललंय. वर काढलेल्या दगडांत मुठीएवढी एक पांढरी गारगोटी निघाली, तिच्या भेगांमधून पिवळी चमक. भाऊजी म्हणाले, "ने तू, तुला आवड आहे." आणली, आणि तेव्हापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय.

हाच दगड सह्याद्रीत सापडला असता तर प्रश्न लवकर मिटला असता. तिथल्या काळ्या बेसॉल्टमध्ये सोन्याची आशा धरण्यात अर्थ नसतो. भंडाऱ्याकडचे खडक मात्र कितीतरी जुने आहेत, आणि साकोलीच्या पट्ट्यात भूवैज्ञानिकांनी सोन्याची नोंद केलेली आहे. त्यामुळे "इथे कुठलं सोनं!" म्हणून दगड फेकून देववेना.

सावलीत धरून बघ, असं सगळेच सांगतात. सोनं उन्हात आणि सावलीत सारखंच पिवळं दिसतं, बाकीच्यांची चमक कोन बदलला की जाते. माझ्या दगडातले काही ठिपके सावलीत विझले, काही तसेच राहिले. आता काय समजायचं?

मग भिंग आणि शिवणाची सुई घेऊन खिडकीत बसले. एका ठिपक्याचा सुईच्या टोकाने चक्क पापुद्रा सुटला; ते अभ्रक. झिजलेलं काळं अभ्रक असं सोनेरी होतं. दुसऱ्या ठिपक्याच्या कडा सरळ, चौकोनी. त्यावर सुई घसरत राहिली आणि जोर दिल्यावर कच्चकन कण उडाला. ते पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक. सोनं सुईखाली दबतं, असं उडत नाही. तिसऱ्याने मात्र मला फार छळलं. गडद पिवळं, कडेला निळी-जांभळी झाक, आणि त्यावर सुईचा ओरखडा उठला! मी हरखलेच. पण ओरखड्यात हिरवट काळी भुकटी दिसली. सोन्याची अशी भुकटी होत नाही. ते तांब्याचं खनिज, चाल्कोपायराइट. एकाच दगडात तीन तऱ्हेचं पिवळं असू शकतं हे कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

ओळखीच्या सराफांकडे गेले. त्यांनी कण कसोटीवर घासला; पिवळी रेघ उठलीच नाही. तेजाबाचं विचारलं तेव्हा ते कळवळून म्हणाले, "ताई, घरी तर अजिबात करू नका, तो धूर छातीत जातो."

तरी वजनाचा प्रश्न उरलाच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दगड भरला ३१८ ग्रॅम. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून दगड दोऱ्याने त्यात, तळाला न टेकवता, सोडला तेव्हा आकडा ११२ ने वाढला, म्हणजे घनता साधारण २.८४. निव्वळ गारगोटीची २.६५ असते. वरचा भार कशाचा? हिशेब मांडला आणि थक्क झाले: तो पायराइटचा असेल तर दगडात सुमारे ४५ ग्रॅम पायराइट हवं, आणि सोन्याचा असेल तर जवळजवळ २५ ग्रॅम सोनं, अडीच तोळे! आकडा तोच. काटा खोटं बोलत नव्हता, पण त्याला दोन्हींतला फरक सांगता येत नाही. अडीच तोळे सोनं असतं तर ते सुईला कुठेतरी लागलं असतं, एवढाच माझा आधार.

आणि इथेच खरा गोंधळ सुरू होतो. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीत टनभर खडकामागे काही ग्रॅमच सोनं मिळतं. एवढं थोडं असलं की ते बहुधा डोळ्यांना दिसतच नाही. कधी पायराइटच्या कणातच दडलेलं असतं. म्हणजे माझी सुई, कसोटी, काटा यांनी मिळून एवढंच ठरवलं की चमकतं ते सोनं नाही. दगडात सोनं नाही, हे त्यांतल्या कुणीच सांगितलेलं नाही. त्यासाठी दगडाची पूड करून ती शिसं देणाऱ्या क्षारांबरोबर भट्टीत वितळवतात, सोनं शिशात उतरतं, मग शिसं काढून टाकून उरलेला मणी तोलतात. ते प्रयोगशाळेचंच काम.

पुडीसाठी दगड फोडावा लागणार, त्याला माझी तयारी आहे. भाऊजींना फोन केलाय: विहिरीच्या त्याच थरातले आणखी चार-पाच दगड बाजूला ठेवा, आणि ज्यांत काहीच चमकत नाही तेसुद्धा घ्या.