तिसरा रकाना

रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात गल्लीतली पाच ते आठ वर्षांची पोरं जमतात. 'घरातलं पातळ काहीही वाटीभर आणा,' एवढंच मी सांगितलं होतं. भिलाईचा पोलाद कारखाना 1959 साली सुरू झाला आणि इथे देशभरातून माणसं आली. त्यामुळे आमच्या वैशाली नगरात शेजार कसा असतो, ते त्या वाट्यांतच दिसलं. बंगाली घरातून मोहरीचं तेल आलं, मल्याळी घरातून खोबरेल, छत्तीसगडी घरातून पसिया, म्हणजे भाताची पेज. आम्ही मूळचे विदर्भातले, आमच्याकडून जवसाचं तेल. शिवाय मध, दूध आणि लिंबाचा रस.

यांतलं काय पाण्यात मिसळतं, ते पाहायचं होतं. सहावीच्या एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात या प्रयोगाचा तक्ता होता. व्हिनेगर, लिंबाचा रस, तेल, रॉकेल यांच्यासमोर 'मिसळतं' किंवा 'मिसळत नाही' यांपैकी एक लिहायचं. लहान मुलांसोबत हे करताना मला तो तक्ता नेहमीच अपुरा वाटतो. रॉकेलला तर मी मुलांच्या हातात जागाच देत नाही.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी काय होईल ते सांगायचं, मग ओतायचं, पाहायचं, ढवळायचं, आणि पुन्हा पाहायचं. मधाची धार सरळ तळाला गेली आणि वरचं पाणी स्वच्छच राहिलं. 'आंटी, ये तो नहीं मिला!' एका मुलीने निकाल दिला. मध पाण्याच्या साधारण 1.4 पट जड असतो, म्हणून तळ गाठतो. पण तळाला जाणं वेगळं आणि न मिसळणं वेगळं. हे मी बोलले नाही. तिच्या हातात चमचा दिला. ती हळूहळू ढवळू लागली, तसे तळातून पारदर्शक वळसे वर आले, पेल्यापलीकडचं दार त्यांतून थरथरताना दिसलं, आणि मग वळसेही गेले. तिने चाखून पाहिलं. गोड!

तेलांचं उलट. ढवळलं की बारीक मणी पाणीभर पसरायचे, चमचा थांबला की वर येऊन एकमेकांत शिरायचे. थंडीचे दिवस, खोबरेल 24 अंशांच्या आसपासच गोठतं, त्यामुळे त्याचा पांढरा गोळाच तरंगत होता. कुठल्याही घरचं असो, तेल वरच.

दुधापाशी सगळ्यांचं एकमत झालं, मिसळलं म्हणून. मग सगळ्यांना आत नेऊन मी खोलीचे पडदे ओढले आणि साखरपाण्याच्या पेल्यावर टॉर्च मारला. पाण्यात काहीच दिसलं नाही. दुधाचे चार थेंब घातलेल्या पाण्यात मात्र प्रकाशाची पट्टी आरपार उमटली. पसियाच्या पाण्यातही. दुधातल्या चरबीचे आणि प्रथिनांचे कण विरघळत नाहीत, नुसते विखरून राहतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून इकडेतिकडे फेकला जातो. शेवटी मुलांना लांब बसवून मी स्वतः पाण्यात काळ्या फिनाईलचा थेंब सोडला. काळ्याचं पांढरं झालेलं पाहून पोरं उभीच राहिली. पुठ्ठ्यावरच्या आमच्या तक्त्यात मग तिसरा रकाना आखला गेला. नाव मुलांनीच दिलं: 'मिला जैसा दिखता है'.

1972 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत याच धाटणीचा विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. आमचं छत्तीसगडही तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. 'बाल वैज्ञानिक' ही त्यांची पुस्तकं तयार उत्तरं देत नसत. मुलांनी प्रयोग करून ती काढायची. 2002 साली तो कार्यक्रम बंद झाला, याचं मला आजही वाईट वाटतं. पाच वर्षांच्या मुलालाही स्वतःचा रकाना आखता येतो, फक्त त्याला पाहायला वेळ दिला पाहिजे.

पेले धुवायचं काम मोठ्या मुलांकडे असतं. मोहरीच्या तेलाच्या पेल्यात साबणाचं पाणी घालून एकजण तो जोरजोरात हलवत होता. तवंग नाहीसा झाला आणि पाणी दुधाळ झालं. पेला तसाच धरून तो आत ओरडला, 'टॉर्च लाओ, टॉर्च!'