स्थळप्रत

गेली काही वर्षं सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासणं हेच माझं मुख्य काम झालं आहे. त्याचे कायदे परीक्षेसाठी पाठ केले, कलमं क्लासमध्ये घोकली. पण लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा हातात कसा घ्यायचा, हे मला एका कॅशियरकाकांनी दाखवलं. काका आता नाहीत. आपलं नाव छापून आलेलं त्यांना रुचलं नसतं, म्हणून ते लिहीत नाही.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी चिपळूणहून डोंबिवलीला मावशीकडे आले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती फोर्टमधल्या एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यात इंटर्न म्हणून लागले. इंटर्न म्हणजे व्हाउचर क्रमाने लावायची, झेरॉक्स काढायच्या आणि सगळ्यांच्या हाकेला ओ द्यायची. काका कॅशच्या जाळीआड बसत. टॅक्सीच्या बिलावर एक सही राहिली तरी ते मोठ्या साहेबांनाही परत पाठवत. मला ते किरकिरे वाटायचे. माणूस पन्नाशी उलटेपर्यंत नोटा मोजत बसतो, म्हणजे त्याला दुसरं काही जमलं नसणार, असंही मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांची राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एका लहान संस्थेचे काका खजिनदार होते. संस्थेच्या निधीसाठी उन्हाळ्यात दादरच्या शिवाजी मंदिरला नाटकाचा प्रयोग असे आणि आमचं अर्धं ऑफिस त्याच्या कामाला लागे. ठरलेल्या रकमेला अख्खा प्रयोग घ्यायचा, चढ्या दराच्या देणगी प्रवेशिका खपवायच्या, स्मरणिकेत जाहिराती मिळवायच्या, आणि सगळं भागवून जे उरेल ते संस्थेचं. हे गणित मला ठाऊकच नव्हतं. ऑफिसच्या मंडळींबरोबर फुकटात नाटक, नटनट्या जवळून बघायला मिळणार, एवढंच डोक्यात होतं. मावशीने घेतलेला नवा ड्रेस घालून गेले.

काकांनी मला दारातल्या टेबलावर पावत्या लिहायला बसवलं. आत तिसरी घंटा झाली, पडदा गेला, हशा ऐकू यायला लागला, आणि मी बाहेर कार्बन सरळ करत बसलेली. एक म्हातारे गृहस्थ उशिरा आले. प्रवेशिका दाखवून झाल्यावर त्यांनी खिशातून अकरा रुपये काढून टेबलावर ठेवले आणि घाईने आत निघाले. मी ते डब्यात टाकले. काकांनी डबा पुढे ओढला, अकरा रुपये बाहेर काढले आणि मला म्हणाले, "नाव विचारून ये."

"काका, अकरा रुपयांची पावती?"

"दहा हजारवाला पावती मागून घेतो, बाळ. अकरावाल्याला मागायचा संकोच वाटतो. म्हणून त्याला आपण आधी द्यायची."

मी अंधारात चाचपडत त्यांची रांग शोधली. नाव विचारल्यावर ते आधी दचकलेच. मग त्यांनी ते नीट, आडनावासकट सांगितलं.

मध्यंतरात अध्यक्षांना मंचावरून जमलेली रक्कम जाहीर करायची होती. त्यांचा माणूस आकडा विचारायला पुन्हा पुन्हा येत होता आणि काका देत नव्हते. नाट्यगृहाचं भाडं, नाटक कंपनीची रक्कम, छपाई, सगळं वजा व्हायचं होतं. "लोकांना गल्ला नाही सांगायचा, शिल्लक सांगायची," हे त्यांचं म्हणणं. त्या माणसाने सामाजिक कृतज्ञता निधीचा दाखला दिला. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा मंडळींनी त्या निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले होते. काकांनी त्यातला एक पाहिलाही होता. ते म्हणाले, "तिथे नटच कार्याला निघाले होते. आपण व्यवहाराने प्रयोग घेतलाय. बॅकस्टेजच्या पोरांची नाइट आज रात्रीच चुकती व्हायला हवी." अध्यक्षांनी शेवटी आकड्याशिवायच आभार मानले. सगळ्यांसमोर एवढं ताणायची काय गरज होती, असं मला तेव्हा वाटलं. थोडं अजूनही वाटतं.

मध्यंतर संपताना काका म्हणाले, "जा आता, आत तुझी खुर्ची आहे." पहिला अंक हुकल्यामुळे कोण कुणाचा जावई ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रयोगानंतर आम्ही चार-पाच जण मेळ घालायला बसलो. मी प्रवेशिकांच्या स्थळप्रती क्रमाने लावत होते, तेव्हा एकीवर माझं नाव दिसलं. अक्षर काकांचं, रक्कम रोख भरलेली. मी समजत होते की कार्यकर्त्यांना सन्मानिका असतात. तिथे तशी पद्धतच नव्हती. ऑफिसातल्या प्रत्येकाने आपापली प्रवेशिका घेतली होती, वडा-चहाचे पैसेही वर्गणी काढून दिले होते. इंटर्नला हे परवडणार नाही म्हणून माझे काकांनी भरले होते. स्वतःचीही प्रवेशिका त्यांनी काढली होती, आणि त्या खुर्चीवर ते क्षणभरही बसले नव्हते.

हिशेब जुळेपर्यंत उशीर झाला. डोंबिवलीच्याच एक ताई मला लेडीज डब्यातून घरापर्यंत सोडायला आल्या. वाटेत त्यांनी सांगितलं, काका दर वर्षी कुणा ना कुणाची प्रवेशिका काढतात, बोलत नाहीत.

स्टायपेंड हातात आल्यावर मी पाकिटात तेवढे पैसे घालून जाळीपाशी गेले. काकांनी ते मोजून घेतले, खणातून संस्थेचं पावतीपुस्तक काढलं आणि माझ्या नावाने देणगीची पावती फाडली. मी म्हटलं, "काका, हे तुमचे आहेत." ते म्हणाले, "प्रवेशिकेचा व्यवहार त्या रात्रीच मिटला." मला तेव्हा चक्क राग आला. कुणाचं देणं ठेवायचं नाही, असं घरचं वळण होतं, आणि हा माणूस ते फेडूच देत नव्हता.

सीए करायला घेतलं ते त्या उन्हाळ्यानंतर. पहिल्या खेपेला ग्रुप राहिला आणि मी सगळं सोडून बँकेच्या परीक्षेला बसायचं म्हणत होते. काका निवृत्त झाले होते. त्यांनी उपदेश केला नाही. "शनिवारी परळला ये, वह्या लिहायला माणूस नाही," एवढाच निरोप धाडला. तिथे कीर्द लिहिता लिहिता 'अन्नदान खर्च' या खात्यामागची माणसं दिसली. बिहार-बंगालकडून आलेली, पदरी होतं नव्हतं ते विकून निघालेली, डब्याच्या वहीत अंगठा उमटवणारी. माझ्या नापास होण्याचा विषय तिथे कुणी काढला नाही, आणि मलाही काढावासा वाटेना. पुढच्या खेपेचा अभ्यास मी त्याच खोलीत, वह्या मिटल्यावर केला.

आता नियम बदलले. २०१७ पासून दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही. देणगीदारांचं विवरण दर वर्षी ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे ऑनलाइन भरावं लागतं. माझ्याकडची आर्टिकलशिपची मुलं हुशार आहेत, यंत्रावर झरझर काम करतात. छोट्या रकमांच्या पावत्या म्हणजे कागदाची नासाडी, असं त्यांचं मत. मी त्यांना त्या लिहायलाच लावते, आणि का ते विचारलं की काकांचं वाक्य सांगते. माझं त्यापेक्षा चांगलं वाक्य अजून तयार झालेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्याइतकी कडक होऊ शकले नाही. कार्यकर्त्यांचा चहा मी संस्थेच्या खर्चात धरू देते. काकांनी त्या व्हाउचरवर नक्की लाल पेन्सिलीने खूण केली असती.