खिरीचा सण, मुलुंडच्या गच्चीवर

आमच्या सणांना पूर्वी मराठी नावं होती. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूरला दारं लावून दिवसभर उपास धरायचे, म्हणून तो दारफाळणीचा सण. पुरीम होळीच्या आसपास येतो, म्हणून तो चक्क होळीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास बिरडं खाऊन सोडायचे, म्हणून तो बिरड्याचा रोजा. आणि नवं धान्य घरात येण्याच्या दिवसांत, तिश्री महिन्यात, यायचा खिरीचा सण.

मी बेने इस्रायल आहे. ‘म्हणजे नेमकं काय?’ असं मुलुंडमध्ये मला महिन्यातून एकदा तरी कुणी विचारतंच, तर थोडक्यात सांगते. आम्ही मराठी बोलणारे ज्यू. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचे आम्ही वंशज. कोकणात आमच्या लोकांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी शब्बाथ म्हणून ते बंद ठेवले, त्यावरून ‘शनवार तेली’ हे नाव पडलं. पेणकर, रोहेकर, केहीमकर ही आडनावं गावांवरून आली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं हळूहळू इस्रायलला गेली. जी राहिली, त्यातली बरीचशी मुंबई-ठाण्यात आहेत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही काही आया मिळून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. अंधेरी, बोरिवली, कुर्ला, मुलुंड, ठाणे इथली कुटुंबं आणि दहा वर्षांखालची एकोणीस मुलं. वर्षातून एक सण तरी या मुलांनी एकत्र करावा, एवढाच हेतू. कुठला सण, यावर मात्र बहुतेकींचं एकच उत्तर आलं : हनुक्का. कारण उघड आहे. मुलांनी तो फोनवर पाहिलेला असतो. नऊ दिव्यांचा स्टँड, भोवरा, डोनट, भेटवस्तू. शिवाय तो डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर येतो.

गंमत म्हणजे हनुक्काला आमच्याकडे जुनं मराठी नावच नाही. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी बेने इस्रायलांचा इतिहास लिहिला, तो १९३७ मध्ये छापून आला. त्यांचं म्हणणं असं, की हनुक्का सुरू व्हायच्या आधीच आपले पूर्वज तिथून निघाले असणार, म्हणून तो इथे कुणाला माहीत नव्हता. हनुक्का आम्ही पुढे दुसऱ्या ज्यूंकडून शिकलो. म्हणून तो परका, असं मी मुळीच म्हणणार नाही. सुक्कोथचा मांडव बांधायची रीतही आम्ही अशीच शिकलो. आधी होती ती खीर, धूप आणि ‘शमा’ची प्रार्थना.

मी खिरीच्या सणाचा हट्ट धरला तो एका साध्या कारणासाठी. ग्रुपमधलं एक कुटुंब नोव्हेंबरात कायमचं इस्रायलला निघालं होतं. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा. डिसेंबरात तो नसणार. आणि हनुक्का त्याला तिथे गल्लोगल्ली मिळेल. नारळाच्या दुधातली खीर आणि त्या खिरीवरून नाव पडलेला सण मिळायची शक्यता कमी.

मग तयारी. सुक्कोथच्या मांडवाला, म्हणजे सुक्काला, काही नियम असतात. भिंती कशाच्याही चालतात, पण छत झाडापासून तोडलेल्या वस्तूंचं हवं. सावली उन्हापेक्षा जास्त पडावी, पण रात्री फटींतून तारे दिसावेत. वर आकाश मोकळं हवं. गॅलरीत वरच्या मजल्याचा स्लॅब येतो, म्हणून गच्ची. मंडपवाल्याला हे समजावणं कठीण गेलं. ‘ताई, कापड नाही टाकायचं? पाऊस आला तर?’ आला तर आत जायचं, तशी मुभा आहे, असं सांगितल्यावर त्याने बांबू दिले आणि झावळ्या कुठे मिळतील तेही सांगितलं. झावळ्या बांधताना मला वाटलं, हा नियम जणू कोकणासाठीच केला असावा.

गच्चीची अडचण वेगळीच होती. सण ६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होत होता आणि त्याच संध्याकाळी सोसायटीची कोजागरी. हा नुसता योगायोग नाही. आमचं पंचांगही चंद्राचं, अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवलेलं. सुक्कोथ तिश्रीच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारासच येतो. काही वर्षी ती पौर्णिमा कोजागरीची असते. सेक्रेटरी काका म्हणाले, ‘तुमचा मांडव कोपऱ्यात राहू दे, आमचं दूध मधे.’ त्या रात्री शेजारच्या काकू मसाला दुधाचा पेला घेऊन आमच्या झावळ्यांखाली येऊन बसल्या आणि फटींतून चंद्र बघत राहिल्या.

मुलांचा कार्यक्रम मात्र सणाच्या मधल्या रविवारी, १२ तारखेला. पत्ता ग्रुपवर टाकायचा नाही, प्रत्येकीला फोन करून सांगायचा, असं आधीच ठरलं. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसवर हल्ला झाला, तेव्हापासून आमच्या कार्यक्रमांना ही सवय जडली आहे; गेली दोन वर्षं बातम्यांमुळे काळजी आणखी वाढली. एका आईने विचारलं, ‘गच्चीवर सगळ्या टॉवरांतून दिसेल, चालेल का?’ मीही दोन रात्री तोच विचार केला. मग ठरवलं, पत्ता जपायचा, पण सुक्का झाकायचा नाही. ज्या इमारतीत माझी मुलगी रोज खाली खेळते, तिथल्या लोकांपासून सण लपवला, तर तिला मी नेमकं काय शिकवणार?

रविवार म्हणजे मेगाब्लॉक, म्हणून वेळ साडेचारची. अंधेरीची मंडळी मेट्रोने घाटकोपरला, तिथून लोकलने मुलुंडला. बोरिवलीकरांनी गाडी केली आणि वाटेतल्या ट्रॅफिकला शिव्या देत तासभर उशिरा पोचले. मुलांनी कागदाच्या साखळ्या केल्या. आम्ही पाच नारळ खवले. घट्ट दूध, पातळ दूध, तांदूळ, गूळ, वेलची. खिरीत नारळाचंच दूध का, हे मोठ्या मुलांना सांगितलं : मांस आणि गाईम्हशीचं दूध एका जेवणात आम्हाला चालत नाही, नारळाने तो प्रश्नच मिटतो. नवगावच्या गलबताची गोष्ट सांगितली, तर एका चार वर्षांच्या मुलीला फक्त गलबतातल्या सामानाची काळजी. त्यांची खेळणी बुडाली का? बुडाली असणार, मी म्हटलं.

निघणारा मुलगा झावळ्या बघत म्हणाला, ‘मावशी, हे घर ठेवणार?’

‘सण संपला की सोडायचं.’

‘मग बांधलं कशाला?’

त्याची आई तिकडे वळून उभी होती. मिसरातून निघालेले लोक चाळीस वर्षं वाळवंटात अशाच आडोशांत राहिले, त्याची ही आठवण, हे पुस्तकातलं उत्तर मी दिलं. त्याला ते पटलं असं दिसलं नाही. तो खीर घ्यायला गेला, तीनदा घेतली.

पुढच्या वर्षी गच्ची मिळवणं अवघड आहे. २०२६ ला सुक्कोथ २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. मंडपवाल्याने आत्ताच सांगून ठेवलंय, विसर्जनाच्या आठवड्यात एक बांबू मागू नका.

डिसेंबरात इस्रायलहून त्या मुलाच्या आईचा मेसेज आला. बालवाडीत हनुक्का झाला, चिरंजीवांनी डोनट खाल्ले आणि घरी येऊन विचारलं, याचं मराठी नाव काय? ग्रुपवर तासभर खल चालला. ‘दिव्यांचा सण’ म्हणावं तर ती दिवाळी होते. कुणीतरी ‘तळणीचा सण’ सुचवलं. मला ते आवडलंय. पण बोरिवलीकरांना ‘वड्यांचा सण’ हवाय आणि अजून ठरलेलं नाही.