आनंदवनाच्या कडेने

काशीच्या अनेक पौराणिक नावांपैकी 'आनंदवन' हे नाव मराठी वाचकाला समर्थ रामदासांच्या 'आनंदवनभुवनी' या प्रकरणामुळे परिचयाचे आहे. परंतु त्या नावातले वन मुळात खरोखरच झाडाझुडपांचे वन म्हणून वर्णिलेले आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. स्कंदपुराणाच्या काशीखंडात वाराणसी येते ती घाट आणि बोळांची नगरी म्हणून तर येतेच, पण वृक्ष, वेली, कुंडे आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे तपस्वी यांचे रान म्हणूनही येते. आज ते रान गावात शोधू गेल्यास हाती लागत नाही. त्याची कड मात्र अजून पायांनी मोजता येते, आणि त्या कडेने जाणाऱ्या वाटेलाच पंचक्रोशीचा मार्ग म्हणतात.

कोस म्हणजे साधारण दोन मैल. मध्यमेश्वर या लिंगापासून पाच कोसांवर पश्चिमेला देहली विनायक आहे. देहली म्हणजे उंबरठा, आणि तिथपर्यंतची त्रिज्या धरून काढलेल्या वर्तुळात मावणारी भूमी ती पंचक्रोशी, अशी त्यामागची कल्पना आहे. प्रत्यक्षातली वाट गावे, तळी आणि वरुणा नदी यांना सांभाळून वाकत गेली असल्यामुळे ती रेखीव वर्तुळ नाही. मणिकर्णिकेवर स्नान करून निघालेला यात्रेकरू कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा असे पाच मुक्काम करत पुन्हा मणिकर्णिकेवर येतो. परंपरेने पहिली मजल तीन कोसांची, नंतरच्या पाच, सात, चार आणि तीन कोसांच्या, आणि परतीची पुन्हा तीन कोसांची मानली जाते; एकूण 25 कोस, म्हणजे सुमारे 80 किलोमीटर. वाटेवरची देवस्थाने 108 मोजली जातात.

या मार्गाचा एखादाच टप्पा चालायचा झाल्यास तो कर्दमेश्वर ते भीमचंडी हा असावा. कर्दमेश्वराचे देऊळ शहराच्या नैर्ऋत्येला कंदवा या गावी एका मोठ्या तळ्याच्या काठी उभे आहे. ते गाहडवाल राजवटीच्या काळातले, साधारण बाराव्या शतकातले मानले जाते. ज्या विश्वेश्वराच्या दर्शनासाठी मराठी माणूस काशीला जातो, त्याचे आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कंदव्याच्या दगडांचे वय कळते. कर्दमेश्वराच्या भिंतींवरच्या मूर्ती झिजल्या आहेत, काहींचे नाकडोळे गेले आहेत. तरी शिखर, गर्भगृह आणि पुढचा मंडप यांची जुनी घडण जागच्या जागी आहे. नगराच्या गाभ्यात देवळे पुनःपुन्हा पडली आणि पुनःपुन्हा उभी राहिली. हे देऊळ वाचले, ते बहुधा कडेला होते म्हणूनच.

इथून पुढे वाट पाच कोस चालते आणि तिचा एक नियम चालणाऱ्याला पावलोपावली पाळावा लागतो. देवस्थाने उजव्या हाताला येतात, कारण क्षेत्राची भूमी उजवीकडे आहे. धर्मशाळा, चुली आणि देहधर्म हे सारे डाव्या हाताला. एरवी उजवे-डावे हा केवळ दिशेचा भेद असतो. इथे तो आत आणि बाहेर यांचा भेद होतो, आणि अनवाणी पायांखालचा रस्ता हीच त्यांच्यामधली रेघ ठरते. ही रेघ बुजू नये म्हणून अठराव्या शतकात बंगालातल्या नाटोरच्या राणी भवानींनी या मार्गाची डागडुजी करवली.

मराठी मनाला चालण्याची सवय वारीने लावली आहे. परंतु वारी एका मूर्तीपाशी पोहोचण्यासाठी असते, आणि पंचक्रोशी जिथून निघाली तिथेच येऊन संपते. तिचे नाते नर्मदेच्या परिक्रमेशी किंवा त्र्यंबकेश्वरी श्रावणात होणाऱ्या ब्रह्मगिरीच्या फेरीशी अधिक जवळचे आहे. तरीही एक फरक मनाला लागतो. परिक्रमावासीयाच्या उजव्या हाताला नर्मदा वाहताना दिसते, फेरी करणाऱ्याला डोंगर दिसतो. काशीत मात्र ज्या वनाला प्रदक्षिणा घालायची, ते दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्या निचरा योजनेत मत्स्योदरीसारखी तळी आटली, त्याआधी आणि नंतर वस्ती वाढत गेली, आणि राने मोहल्ल्यांच्या नावांपुरती उरली. प्रदक्षिणा तेवढी थांबली नाही. जे नाहीसे झाले त्याची हद्द इतक्या निष्ठेने राखणारी माणसे आदरास पात्र आहेत.

कपिलधारेहून शेवटच्या मजलेला निघालेले यात्रेकरू वाटेच्या कडेने जव टाकत जातात. मुठीतून थोडे थोडे सुटणारे ते दाणे धुळीत पडतात. काही पक्षी टिपतात, काही पायांखाली जातात. ही पेरणी विधीची आहे, तिच्यातून शेत उभे राहत नाही. मार्गावरची खरी लागवड, सावलीच्या झाडांची, माणसांनाच करावी लागते, आणि तिची निकड आज पूर्वीपेक्षा मोठी आहे. कारण वाटेचा बराच भाग डांबरी झाला असून उन्हात तापलेल्या त्या डांबरावरून, वाहनांच्या वर्दळीतून, अनवाणी चालावे लागते.

यात्रेला सर्वांत मोठी गर्दी होते ती अधिकमासात, म्हणजे सौर आणि चांद्र कालगणनेचा मेळ घालण्यासाठी सुमारे 32 महिन्यांनी धरल्या जाणाऱ्या जादा महिन्यात. महाराष्ट्रात ज्याला धोंड्याचा महिना म्हणून जावयाला अनारशांचे वाण देतात, तोच हा महिना. 2026 सालचा अधिकमास ज्येष्ठाचा, 17 मे ते 15 जून या काळातला. त्या दिवसांत काशीचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. काशीला दानधर्म करू इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांनी या मार्गाच्या कडेला वड, पिंपळ किंवा आंब्याचे एक झाड लावून ते जगवण्याची व्यवस्था करावी. कंदवा ते भीमचंडी पाच कोसांची मजल अनवाणी चालणाऱ्यांना सावली हवी आहे.