फाउस्टला सांगलीची चाल

गटेच्या 'फाउस्ट'मध्ये अर्पणाची कविता संपली की रंगमंचावर फाउस्ट येत नाही. येतात नाटकमंडळीचा मालक, कवी आणि विदूषक, आणि आजचा खेळ कसा करायचा यावर तिघांची हुज्जत चालते. हा प्रवेश गटेला कालिदासावरून सुचला असं अभ्यासक मानतात. विल्यम जोन्सनं १७८९ मध्ये 'शाकुंतल' इंग्रजीत नेलं, १७९१ मध्ये गेऑर्ग फॉर्स्टरनं त्यावरून ते जर्मनमध्ये आणलं, आणि ते वाचून गटे भारावून गेला. तेच 'शाकुंतल' अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात मराठीत उभं केलं. साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तनातल्या चाली, जे लोकांच्या कानात होतं ते सगळं त्यांनी घेतलं. म्हणून 'फाउस्ट'ची मराठी रॉक ऑपेरा करावी असं मी म्हणतो, तेव्हा दोन परक्या गोष्टींची मोट बांधायचा हट्ट त्यात नाही. ही रीत आपल्या घरातली आहे, आणि तिचं घर सांगली आहे.

विंदा करंदीकरांनी 'फाउस्ट'चा पहिला भाग १९६५ मध्ये मराठीत आणला. तो वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते. या नाटकात माणसं ओळखायची ती त्यांच्या छंदावरून. अभ्यासिकेत चडफडणाऱ्या फाउस्टची ओळ खडबडीत आहे, देवदूतांची भारदस्त, तळघरातल्या पिणाऱ्यांची गाणी उडती, फाउस्टच्या प्रेमात पडलेल्या, चरख्यावरच्या ग्रेटशेनच्या ओळी आखूड आणि धाप लागल्यासारख्या. पहिल्या भागात गद्य प्रवेश एकच आहे, आणि तो ग्रेटशेन तुरुंगात पडल्याचं फाउस्टला कळतं तेव्हाचा. दुसऱ्या भागात ग्रीक हेलन फाउस्टकडून यमक जुळवायला शिकते आणि त्या शिकण्यातच दोघांचं प्रेम जमतं. इथे छंद काढून घेतला तर पात्रच पुसलं जातं. पण हा छंद मराठी नटानं नुसता बोलायचा म्हटलं तर अडचण येते, कारण पद्य बोलायची सवय आपल्या रंगभूमीला कधी फारशी लागलीच नाही. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं सूत्रधार गात असे आणि पात्रं त्यानंतर आपापलं गद्य ऐनवेळी बोलत. किर्लोस्करांनी ती पदं पात्रांच्या तोंडी दिली. पुढे मर्ढेकरांना पद्यात नाट्य मांडावंसं वाटलं, तेव्हा त्यांनीही 'कर्ण', 'संगम', 'औक्षण' अशा संगीतिकाच लिहिल्या. मराठीत रंगमंचावरचं पद्य म्हणजे गायचं पद्य. 'फाउस्ट' आपल्याकडे यायचं तर ते गातच येईल.

मग नाट्यसंगीत आहेच की, रॉक कशाला, हा पहिला आक्षेप. नाट्यसंगीतावर माझं प्रेम आहे, तरी सगळं 'फाउस्ट' त्यात बसवू नये असं मला वाटतं, आणि याचं कारण नाटकाच्या कथेतच आहे. फाउस्टचा मेफिस्टोफेलिस या सैतानाशी करार असा, की एखाद्या क्षणाला तो 'थांब' म्हणाला की तो हरला. आता आपल्या नाट्यपदाचा स्वभाव पाहा. कथानक थबकतं, गायक तो क्षण हातात धरून फुलवत नेतो, आणि प्रेक्षागृहातून 'वन्समोअर' येतो. वन्समोअर म्हणजे त्या क्षणाला 'थांब' म्हणणंच! ज्या माणसाला थांबायची बंदी आहे त्याला असं संगीत देता येत नाही. त्याला हवा मागून रेटणारा ठोका, दर आवर्तनाला पुढे ढकलणारी बास गिटार, समेवर विसावू न देणारा ड्रम. रॉक फाउस्टचा आहे. रागदारी ठेवावी ग्रेटशेनसाठी आणि हेलनसाठी, म्हणजे ज्या ठिकाणी त्याचं मन 'थांब' म्हणण्याच्या काठावर येतं तिथे. दोन संगीतांमधली ही ओढाताण म्हणजेच मूळ नाटकातला करार, आणि तो कोणी समजावून न सांगता कानांना कळेल.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. रॉकच्या आवाजात शब्द बुडतात, आणि 'फाउस्ट' तर विचारांचं नाटक. पण शब्द बुडतात ते वाद्यमेळ चुकल्यानं, आणि तानांच्या पुरात पदाचे शब्द वाहून जातात हीही तक्रार आपल्याकडे जुनीच आहे. 'तीन पैशाचा तमाशा' या बाबतीत मला भक्कम पुरावा वाटतो. ब्रेख्तच्या १९२८ च्या बर्लिनमधल्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी ते लिहिलं, जब्बार पटेलांनी १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीतर्फे बसवलं, आणि त्यातला अंकुश केला तो नंदू भेंडे यांनी. पदमसींच्या इंग्रजी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जूडास गायलेला हा रॉक गायक लावणी आणि नाट्यपदांच्या शेजारी उभा राहून मराठी गायला, आणि शब्द पोचले. ब्रेख्तचं नाटक गद्यप्रधान, गाणी अधूनमधून येतात, हे खरं. पण नाटक आणि रॉक मराठीत एका रंगमंचावर नांदतात एवढं त्यानं नक्की दाखवलं.

आणि आवाजाच्या कर्कशपणाबद्दल बोलायचं तर मिरजेत तंबोऱ्याला जवारी लावताना काय होतं ते पाहावं. घोडीचा माथा कानसेनं अगदी हलका, डोळ्याला दिसेल न दिसेल असा उतार देऊन घासतात. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतात आणि तो केसभर पुढेमागे करत राहतात. तार त्या माथ्याला निसटती घासू लागली की साधा 'टण्ण' जाऊन आवाजाला धार येते आणि वरचे सूर गुंजू लागतात. स्वच्छ आवाज मुद्दाम थोडा खरखरीत करून त्यातून जास्तीचे सूर काढणं हीच ती कला. इलेक्ट्रिक गिटारचा डिस्टॉर्शन विजेच्या मार्गानं तेच करतो. त्यात परकं काय आहे?

तिसरा आक्षेप असा, की सैतान, आत्म्याचा सौदा, स्वर्ग-नरक हे ख्रिस्ती जग इथल्या प्रेक्षकाला कसं भिडावं? मेफिस्टोफेलिसला कली किंवा शनी करू नये, तो आहे तोच राहू द्यावा, कारण त्याचं काम आपल्याला आधीपासून माहीत आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची 'शारदा' १८९९ ची. म्हातारा भुजंगनाथ, त्याला कोवळी नवरी हवी, पोरीचा बाप पैशाला भुललेला, आणि मध्ये गोड बोलून सौदा जमवणारा भद्रेश्वर दीक्षित. आता फाउस्ट पाहा. उतारवयाचा विद्वान चेटकिणीच्या काढ्यानं तरुण होतो, अजाण मुलीच्या मागे लागतो, आणि दागिन्यांची पेटी तिच्या कपाटात नेऊन ठेवणारा मध्यस्थ असतो मेफिस्टोफेलिस. भद्रेश्वराला सांगली-साताऱ्याचा प्रेक्षक शंभर वर्षांहून जास्त काळ ओळखतो. त्याचीच लाघवी, घरोब्याची बोली मेफिस्टोफेलिसला दिली की धर्मशास्त्राच्या तळटिपा लागणार नाहीत. फरक एकच, पण फार मोठा. शारदेला कोदंड वाचवतो, ग्रेटशेनला वाचवायला कोणी वेळेवर येत नाही. देवलांनी समाजाला वाट दाखवली, गटेनं दार बंद होताना दाखवलं. म्हणून शेवट बदलून तो गोड करण्याचा मोह रूपांतरकारानं टाळलाच पाहिजे.

राहिला प्रश्न बारा हजारांवर ओळींचा. जर्मनीत रुडॉल्फ फोल्त्स यांनी फाउस्टची रॉक ऑपेरा केली ती गटेचेच शब्द ठेवून. मराठीत ती सोय नाही, शब्द नवे घडवावे लागतील आणि बरंच सोडावं लागेल. पहिल्या भागावर थांबावं असं माझं मत आहे. हेलनचा यमकाचा प्रवेश तेवढा मध्ये स्वप्न म्हणून आणता येईल. गद्य प्रवेश मात्र गद्यच ठेवावा. त्या वेळी सगळी वाद्यं बंद. त्यानंतरच्या तुरुंगात ग्रेटशेनचं मन ठिकाणावर नाही, फाउस्ट तिला चल म्हणतो, ती येत नाही, मेफिस्टोफेलिस घाई करतो. फाउस्टच्या मागे गिटार आणि ड्रम पुन्हा धावू लागतील. तिच्या मागे फक्त तंबोरा असावा, मिरजेचा, आणि दोघं निघून गेल्यावर ती त्याला नावानं हाका मारते तेव्हा ड्रम थांबलेला असावा, जवारी वाजत राहावी.