खाऱ्या पाण्यातली तपकिरी तार

आमच्या टाकीत बुळबुळ दोनदा आली. पहिली लाल होती, दुसरी तपकिरी. दोन्हींना लोक सरसकट शेवाळच म्हणतात आणि दोन्हींवर एकच इलाज सांगतात: खाणं कमी करा, पाणी बदला, दिवे बंद ठेवा. पहिलीला तो लागू पडला. दुसरी त्याच इलाजावर पोसली.

टाकी ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये आहे, तीनशे लिटरची. टाकीतच जन्मलेली क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, दोन-तीन श्रिम्प आणि काच चाटत फिरणाऱ्या गोगलगायी एवढाच संसार. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून ते नाहीत. समुद्रातून काढलेले, जीवजंतूंसकट येणारे 'जिवंत' दगडही मला नको होते. चुनखडीचे सुके खडक रचून टाकी उभी केली. पाणी आरओ-डीआयचं, त्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ.

लाल बुळबुळ पंपाचा प्रवाह पोचत नव्हता त्या कोपऱ्यात वाळूवर धरली. सकाळी पुसट डाग, दुपारपर्यंत जाड पापुद्रा, त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, रात्री पुन्हा पातळ. नळीनं ओढलं की अख्खा तुकडा सुटून यायचा आणि बादलीत कुबट वास सुटायचा. ही सायनोबॅक्टेरिया. खरं तर शैवाल नाहीच, उजेडावर जगणारा जिवाणू आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण वाळूवर नको. यांच्यातल्या बऱ्याच जाती पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन वायूपासूनच आपलं खत करून घेतात, म्हणून नुसतं नायट्रेट कमी करून त्या हटत नाहीत.

दुकानदारानं लाल शेवाळावरची पूड पुढे केली. अशा बऱ्याच पुड्यांत एरिथ्रोमायसिन असतं. मी ती घेतली नाही. सगळा थर एकदम मेला की तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खाली येतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. शिवाय घरच्या मोरीतून अँटिबायोटिक सोडणं मला पटत नाही. त्यापेक्षा एक वेव्हमेकर त्या कोपऱ्याकडे वळवला, दर आठवड्याला पाणी बदलताना थर नळीनं खेचून काढला, गोठवलेलं खाद्य गाळणीत धुऊन मगच घातलं आणि फिल्टरमध्ये फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे भरले. लाल रंग गेला.

दाणे फिल्टरमध्ये तसेच राहिले, फेसातून मळ काढणारा स्किमरही पूर्ण जोरात चालू होता. काही महिन्यांनी टेस्ट किटवर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य दिसू लागलं. पाणी विलक्षण निर्मळ होतं. आणि नेमकी तेव्हाच वाळू तपकिरी व्हायला लागली. नव्या टाकीत डायटमचा तपकिरी थर येतो तो भुकटीसारखा कोरडा वाटतो, फुंकरीसरशी उडतो. हा तसा नव्हता. खडकांवरून भेंडी चिरताना सुटते तशी तार लोंबत होती आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक बुडबुडा. संध्याकाळी ओसरायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी दुपटीनं हजर. मग गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या. सुलट्या करून ठेवल्या तरी संध्याकाळपर्यंत मेलेल्या असायच्या. हे मात्र पाहवत नव्हतं. नेहमीचे उपाय झाले: पाणी बदललं, टाकीला चादर गुंडाळून तीन दिवस अंधार केला. दिवे लावल्यावर आठवड्याच्या आत तार परत आली, आधीपेक्षा दाट.

माझी मावशी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिच्याकडे जुना, पण उत्तम सूक्ष्मदर्शक आहे. मी डबीत भरून नेलेलं पाणी तिनं काचपट्टीवर घेतलं, ४०० पटीवर बघितलं आणि मला खुर्चीवर बसवलं. "अगं, ही वनस्पती नाहीये. बघ, पळतंय ते." थेंबाच्या आकाराच्या पेशी, एकीकडे निमुळत्या, टोक एका जागी धरून गरगर फिरत होत्या. "डायनोफ्लॅजेलेट. आणि ही ढब ऑस्ट्रिऑप्सिसची दिसते. हात घालताना मोजे घाल आणि नळी तोंडानं ओढू नकोस, कळलं?"

तिच्या बजावण्याला कारण होतं. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर याच ऑस्ट्रिऑप्सिसची वाढ झाली होती. लाटांच्या तुषारांतून हवेत गेलेल्या विषानं सुमारे दोनशे लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास झाला. माझ्या गोगलगायी कशानं मेल्या हे मला तिथं बसल्या बसल्या उमगलं. डायनोफ्लॅजेलेटांत सगळेच वाईट नाहीत. प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारे सोबतीही डायनोफ्लॅजेलेटच, आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर कधी कधी रात्री लाटा निळ्या चमकतात त्या चमकवणारा नॉक्टिल्युकाही.

मग प्रश्न हा की पाणी इतकं निर्मळ असताना हे फोफावले कसे? नायट्रेट-फॉस्फेट संपलं की हिरवं शैवाल, डायटम आणि उपयोगी जिवाणू उपाशी पडतात. डायनोंच्या कित्येक जाती मात्र उजेडावर जगतातच, शिवाय जिवाणू आणि दुसरे सूक्ष्मजीव खाऊनही भागवतात. शेजारी मेले की सगळी जागा त्यांचीच. सुक्या खडकांच्या टाकीत शेजारी मुळात थोडे असतात, म्हणून अशा टाक्यांत हा त्रास जास्त दिसतो.

इलाज उलटा करायचा होता. लोहाचे दाणे काढले, स्किमर मंद केला, पाणी बदलणं थांबवलं, माशांना दोन वेळा खाऊ घातलं. एवढ्यानं आकडे हललेच नाहीत, म्हणून सोडियम नायट्रेट आणि फॉस्फेटचं द्रावण रोज मोजून घातलं. नायट्रेट लवकर चढलं. फॉस्फेटनं फार वाट बघायला लावली, कारण चुनखडीचे खडक ते शोषून घेतात: सकाळी घालावं आणि संध्याकाळी किट पुन्हा शून्य. खडकांचं पोट भरेपर्यंत हे चाललं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम यांच्यात टिकवायचं होतं. विष शोषायला कार्बनची पिशवी ठेवली. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री खडक सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून यूव्हीचा दिवा बसवून टाकीचं पाणी रात्रभर त्यातून फिरवलं. अँफिडिनियम नावाचा याचा भाऊबंद वाळूतच दडून राहतो. तो असता तर यूव्हीचा उपयोग झाला नसता आणि डायटम वाढवायला सिलिकेट घालावं लागलं असतं. म्हणूनच नेमका कोण आहे हे कळणं एवढं मोलाचं.

आधी तार तुटकी झाली, मग वाळूचा रंग उजळत गेला, आणि काचेवर हिरवी साय धरली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, काच पूस की, रविवारी माणसं यायचीत." मी पुढची काच पुसली, बाजूच्या दोन्ही तशाच ठेवल्या. ते हिरवं मला हवं होतं, जागा त्यानं धरायला हवी होती. नंतर आणलेल्या गोगलगायी आज त्याच काचांवर चरतात.

कुणाच्या टाकीत तपकिरी तार आणि टोकाला बुडबुडा दिसला, तर औषधाची बाटली ओतण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. शाळेच्या प्रयोगशाळेतला चालतो. तोही नसेल तर थोडी बुळबुळ टाकीच्याच पाण्यात जोरात हलवा, कॉफीच्या गाळणकागदातून गाळा आणि खालचं नितळ पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा तार जमली तर डायनो समजा आणि पाणी बदलणं थांबवा. आणि टाकी मोडायचीच वेळ आली, तर तिच्यातलं पाणी, वाळू, दगड, काहीही खाडीत किंवा समुद्रात नेऊन टाकू नका.