रकात मोजताना

गेल्या वर्षी घरी एकटाच जुहरची नमाज पढत होतो. ही तिसरी रकात की चौथी, काही केल्या ठरेना. असं कुणाचंही होतं, म्हणून तर शरीअतनं सोय ठेवली आहे: मन ठरतच नसेल तर कमी आकडा धरायचा आणि शेवटी दोन सजदे जास्तीचे करायचे. सजदा-ए-सहव, म्हणजे भुलीचा सजदा. पण माझी कधीमधीची भूल रोजची झाली. मुरुड परिसरात पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस चारपर्यंत मोजताना चुकत होता.

वय झालं, असं मी स्वतःला समजावलं. सदुसष्टावं चालू होतं. ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर येऊन अडायचं. वर्तमानपत्रातला एकच परिच्छेद तीनदा वाचायचो. आठ तास झोपूनही सकाळी डोकं दुखायचं आणि दुपारी खुर्चीतच डोळा लागायचा. मित्र म्हणायचे, "साठी बुद्धी नाठी, सर." मीही हसायचो.

बायको हसत नव्हती. "तुमारे घोरने का डर नै. घोरना रुकता, सांस बी रुकती, तब डर लगता," ती म्हणायची. मी मनावर घेतलं नाही. आमचं सगळं खानदानच घोरणारं. उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो तेव्हा अब्बांचं घोरणं तिसऱ्या घरापर्यंत जायचं. आम्ही त्याला गाढ झोप म्हणायचो.

मग एकदा लातूरहून मोटरसायकलवर परतत होतो. मागे नातू, पुढे उसाची ट्रॉली. "दादा!" या किंकाळीनं डोळे उघडले, तेव्हा गाडी रस्ता सोडून खाली उतरली होती. दोघंही वाचलो. त्या रात्री बायकोनं सगळं मुलाला सांगितलं आणि आठवड्याच्या आत मी डॉक्टरांसमोर होतो.

डॉक्टरांनी माझ्यापेक्षा बायकोलाच जास्त प्रश्न विचारले. मानेचं माप घेतलं. मी स्वतःच्या मनानं झोपेची गोळी घेत होतो, त्यावर रागावले. अशा गोळीनं घसा आणखी सैल पडू शकतो. मग रात्रभराची तपासणी झाली. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत बप्पी लाहिरी गेले तेव्हा हे नाव मी टीव्हीवर ऐकलं होतं आणि विसरलो होतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदूला धोका कळतो आणि तो माणसाला क्षणभर जागं करतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. तासाला ३० च्या वर असं झालं तर आजार तीव्र धरतात. माझा आकडा ३८ होता. सात तासांच्या झोपेचे मी तिथंच मनात गुणले: २६६.

मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवली. किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी रात्री आम्ही घराबाहेर झोपलो. पान हललं तरी जाग यायची. त्या दिवसांत वर्गात फळ्यापुढं उभा राहून मी साधी बेरीज चुकायचो. पण तेव्हा कारण सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी हसलं नाही. आता रात्रीत २६६ वेळा मेंदू दचकून उठत होता आणि मी दोष वयाला देत होतो.

दिवसभराचं शिकलेलं झोपेत पक्कं होतं. झोपच तुटली की लक्ष उडतं, मग आठवण. वयानंही मेंदूचा वेग कमी होतो, नावं उशिरा सुचतात. शिवाय वाढत्या वयात हा आजारही वाढतो. त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळून जातात आणि औषध असलेला आजार बिनऔषधाच्या म्हातारपणात खपून जातो.

नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन आलं. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय १९८१ मध्ये जगासमोर मांडला. पहिल्या चार रात्री मी मास्क काढून फेकला. लाइट गेली की मशीन बंद, म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागला. दोन महिन्यांनी दुपारची पेंग गेली, परिच्छेद एका वाचनात कळू लागला. नावं मात्र अजून अडतात. डॉक्टर म्हणाले, "झोपेनं नेलेलं बरंचसं परत येईल. वयानं नेलेलं येणार नाही."

हे ऐकून मला अब्बा आठवले. शेवटच्या वर्षांत ते दुकानात गल्ल्यावर पेंगायचे, हिशेब चुकवायचे. एके दिवशी आम्ही भावांनी त्यांच्या हातातून वही काढून घेतली. "आता तुमच्यानं होत नाही," हे वाक्य माझंच. ते काही बोलले नाहीत. त्यांना काय झालं होतं, हे आता कळायचा मार्ग नाही. पण ते रात्री कसे झोपतात, हे आम्ही अम्मीला एकदाही विचारलं नाही.

घोरणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. पण घरातलं कुणी रात्री घोरताना श्वास अडखळत असेल, दिवसा पेंगत असेल, विसरत असेल, तर त्याची वही काढून घेण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या.

गेल्या आठवड्यात असरच्या नमाजमध्ये पुन्हा मोजणी चुकली. कमी आकडा धरला, दोन सजदे केले, सलाम फेरला आणि चहा प्यायला उठलो.